फावड्याचा कान

आयर्लंडमधलं फावडं आपल्यासारखं नसतं. आपण फावडं वर उचलून खाली मारतो आणि माती आपल्याकडे ओढतो. तिकडच्या फावड्याला सरळ दांड्याच्या टोकाला सरळच पातं असतं. ते जमिनीवर उभं धरायचं आणि पायाने आत रेटायचं. त्यासाठी पात्याच्या वरच्या बाजूला, दांड्याच्या बगलेत, बूट टेकवायला एक अरुंद आडवी कड ठेवलेली असते. उत्तर आयर्लंडच्या बोलीत तिला 'लग' म्हणतात. लग म्हणजे कान.

आयरिश कवी शेमस हीनीच्या 'डिगिंग' या कवितेत त्याचे वडील बटाट्याच्या सरीत खणतात ते असे: जाडाभरडा बूट कानावर बसलेला, दांडा गुडघ्याला आतल्या बाजूने टेकलेला, आणि मग नेटाने तरफ. दांडा गुडघ्याला का टेकवायचा? टेकू नसेल तर सगळा भार मनगटांवर येतो, पातं हवं तिथे शिरत नाही आणि बटाटा चिरतो. चिरलेला बटाटा साठवणीत टिकत नाही, शेजारच्यांनाही घेऊन नासतो. कवितेत हे काहीच समजावलेलं नाही. पाय कुठे आणि दांडा कुठे, एवढंच सांगितलंय, आणि ते बरोबर आहे. शेतीचं काम न करता शेतीवर लिहिणारे कवी पुष्कळ असतात. त्यांच्या कवितेत घाम असतो, माती असते, पण अवजार कुठे धरायचं ते नसतं.

म्हणून हीनी वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: इथे पकड कुठे आहे? त्याच्या चांगल्या कवितांत या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. जिथे मिळत नाही तिथे कविता घसरते, आणि ती घसरण पुढे त्याच्याही लक्षात आली होती.

१३ एप्रिल १९३९ ला काउंटी डेरीतल्या मॉसबॉन नावाच्या शेतावर त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील पॅट्रिक शेती करत आणि गुरांचा व्यापारही. हीनीच्याच सांगण्यानुसार ते अगदी कमी बोलणारे होते. आईच्या माहेरचे लोक गिरणीत कामाला, बोलके, वाद घालणारे. घरात मेरी नावाची आत्या होती. पिठाने माखलेले हात घेऊन ती एका कवितेत उभी आहे, आणि प्रेम म्हणजे पिठाच्या डब्यात बुडालेला, चमक गेलेला पत्र्याचा डाव, असं त्या कवितेच्या शेवटी येतं. डबा, डाव आणि पीठ. बाकी काही म्हणायची त्याला गरज वाटली नाही.

'डिगिंग'मध्ये आजोबाही आहेत. टोनरच्या बॉगवर दिवसाकाठी त्यांच्याइतकं टर्फ दुसरं कुणीच कापत नसे. इथे मराठीत अडायला होतं. बॉग म्हणजे दलदल नव्हे. दलदल म्हटली की आपल्याला डास, चिखल आणि रुतलेली म्हैस आठवते. बॉग हा पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या शेवाळाचा थरावर थर साचलेला, अर्धवट कुजून थांबलेला डोंगर आहे, फक्त तो आडवा पसरलेला असतो. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. हा काळा-तपकिरी लगदा विटेसारखा कापून वाळवला की त्याचं जळण होतं, तेच टर्फ. आपल्याकडे गोवऱ्या थापतात आणि वाळवतात, म्हणून वाळवणीतल्या अडचणी आपल्याला समजतील. खणण्याचा भाग मात्र वेगळा आहे.

आधी वरचा गवताळ मुळांचा थर सोलून काढावा लागतो, कारण तो जळत नाही. मग 'स्लेन' नावाचं खास फावडं. त्याच्या अरुंद पात्याला काटकोनात एक पंख असतो, त्यामुळे एकाच दाबात विटेच्या दोन बाजू कापल्या जातात. कापलेली वीट ओली, लोण्यासारखी, आणि वजनात दहातले नऊ भाग पाणी. ती जमिनीवर पसरतात. वर थोडी साय धरली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करतात, म्हणजे मधून वारा खेळतो. नीट वाळल्या की त्यांची गंजी रचतात. कापायला एप्रिल-मेपासून सुरुवात, आणि उन्हाळा साथ देईल तसं पुढे. उशीर झाला तर शरद ऋतूतला पाऊस गाठतो. आणि ओल्या विटेवर दहिवर गोठलं तर आतलं पाणी फुगून विटेचा भुगा होतो. उलट एकदा साल घट्ट वाळली की वीट पावसाला दाद देत नाही. सगळी धडपड ती साल धरेपर्यंतची.

आता कवितेतले आजोबा. नातू दुधाची बाटली घेऊन जातो, बाटलीला बूच म्हणून कागदाचा बोळा. ते ताठ होतात, दूध पितात, लगेच पुन्हा वाकतात आणि 'चांगल्या टर्फ'साठी खाली खाली खणत जातात. समीक्षेच्या पुस्तकांत हे 'खाली खाली' म्हणजे स्मृतीचा, वंशाचा, अबोध मनाचा तळ. असेलही. पण टर्फ कापणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल की वरचं टर्फ फिकट, तंतुमय, हलकं असतं आणि कागदासारखं भुरकन जळून जातं. खालचं काळं आणि घट्ट. ते रात्रभर धग धरतं. चांगला माल खालीच असतो, म्हणून आजोबा खाली जात होते. रूपक त्यांच्या कामातच होतं, हीनीने ते वरून आणून चिकटवलेलं नाही.

ही कविता १९६४ च्या उन्हाळ्यात लिहिली गेली आणि १९६६ मध्ये फेबरने छापलेल्या 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट' या पहिल्या संग्रहात ती सगळ्यांत आधी आली. तिच्यात एक खोट आहे आणि ती सुरुवातीलाच आहे. बोट आणि अंगठ्यामध्ये ठेंगणी लेखणी, बंदुकीसारखी घट्ट बसलेली, असं कवी म्हणतो. फावड्याचा कान त्याने पाहिला होता, पायाखाली अनुभवला होता. बंदूक कुठून आली? ती सिनेमातून आलेली वाटते. पुढे त्यानेच कबूल केलं की त्या एकदोन ओळींत खणणाऱ्याच्या तंद्रीपेक्षा बंदूकबाजाचं नाटक जास्त आहे. १९६९ नंतर कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बेलफास्टमध्ये खऱ्या बंदुका आल्या आणि वाचकांनी त्या ओळीला भविष्यवाणी ठरवून टाकलं, हा त्या कवितेवरचा आणखी एक अन्याय.

त्याच संग्रहाला नाव देणारी कविता जवसाच्या डबक्याबद्दल आहे. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात, लिननसाठी जवस पिकवत. तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची पूर्ण लांबी मिळते. लव्हाळ्याच्या बंधाने पेंढ्या बांधून त्या डबक्यात बुडवायच्या आणि वर गवताची मोठाली ढेकळं ठेवायची, नाहीतर आंबताना पेंढ्या तरंगून वर येतात. आठवडा ते दोन आठवडे. लवकर काढलं तर आतली काडी धाग्याला चिकटून राहते. जास्त ठेवलं तर धागाच कुजतो, ओढला की तुटतो. काढण्याची वेळ कडक उन्हात असते आणि दुर्गंधी गावभर पसरते. माणसं त्या पाण्यात उतरून पेंढ्या बाहेर फेकत. ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरत. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी सुतळीसाठी अंबाडी कुजत घातलेली पाहिली आहे, त्यांना हा वास सांगायला नको.

कवितेतला मुलगा या घाणीत खूष आहे. बेडकांची अंडी जॅमच्या बाटल्यांत भरून खिडकीत ठेवतो. बाई शाळेत बेडूक-बाबा आणि बेडूक-आईची गोष्ट सांगतात. मग एके दिवशी डबक्यावर प्रचंड संख्येने बेडूक येऊन बसतात आणि तो पळ काढतो. मुलाच्या वयात येण्यावरची कविता म्हणून ती सगळीकडे शिकवतात. पण ती चालते ती वरच्या ढेकळांमुळे. पहिल्याच दोन-तीन ओळींत कवीने ती ढेकळं डबक्यावर ठेवली आहेत. दाबून ठेवलेलं खाली आंबत असतं, ही गोष्ट तिथेच येऊन जाते, एकही मोठा शब्द न वापरता.

बाराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो डेरीच्या सेंट कोलम्ब्स कॉलेजात बोर्डर झाला. १९५३ मध्ये तिथे निरोप आला: चार वर्षांचा धाकटा भाऊ, ख्रिस्तोफर, रस्त्यावर मोटारीखाली गेला. यावरची 'मिड-टर्म ब्रेक' ही कविता आयर्लंड-ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना पाठ असते. तिच्यात रडणं वडिलांचं आहे, उसासे आईचे आहेत, कवीचं काहीच नाही. तो शाळेच्या आजारी खोलीत बसून घंटा मोजतो. आणि शेवटची ओळ सुताराचं माप आहे: चार फुटांची पेटी, वर्षाला एक फूट. पकड म्हणतो ती हीच. दुःख मोठं आहे असं त्याने सांगितलं नाही, पेटीची लांबी सांगितली.

त्याच शाळेत लॅटिन पक्कं झालं. ते साठ वर्षांनी कामी आलं. ३० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, डब्लिनच्या रुग्णालयात, मृत्यूच्या काही मिनिटं आधी त्याने पत्नी मरीला मोबाइलवर दोन लॅटिन शब्द पाठवले: नोली तिमेरे. भिऊ नकोस. मराठी वाचकाच्या मनात यापुढचे शब्द आपोआप उमटतील. हीनीच्या निरोपात पाठीशी कोण आहे ते नव्हतं. तेवढे दोनच शब्द.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात इंग्रजीची पहिल्या वर्गातली पदवी, मग शाळेत नोकरी. तिथले मुख्याध्यापक मायकल मॅक्लाव्हर्टी स्वतः कथाकार होते. त्यांनी पॅट्रिक कॅव्हनाच्या कविता हातात दिल्या आणि शेणामातीतलं आयुष्य कवितेला चालतं हे त्याला पटलं. फिलिप हॉब्सबॉमच्या घरी जमणाऱ्या मंडळात कवितेच्या चक्रमुद्रित प्रती आधी वाटल्या जात आणि मग कवीसमोरच तिची चिरफाड होई. हा काळ साहित्याच्या इतिहासात फार मोठा करून सांगितला जातो. मला त्याच्यापेक्षा १९७२ च्या 'विंटरिंग आउट' संग्रहातल्या गावांच्या नावांवरच्या कविता महत्त्वाच्या वाटतात, कारण तिथे तोंडातल्या पकडीची गोष्ट आहे.

अनाहोरिश हे त्याच्या प्राथमिक शाळेचं गाव. आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'स्वच्छ पाण्याची जागा'. ब्रोआ हे दुसरं ठिकाण. मूळ आयरिश शब्द 'ब्रुआख', नदीकाठ. या 'ब्रोआ'वरच्या छोट्या कवितेत तो आयरिश, स्कॉटिश आणि इंग्रजी मुळांचे शब्द एकाच बागेत पेरतो आणि शेवटी येतो त्या नावाच्या अखेरच्या घशातल्या उच्चाराकडे. परक्यांना तो जमत नाही, असं म्हणून कविता संपते. मराठी माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. आपला ळ आहेच. टिळकांना 'टिलक' म्हणणारा माणूस कुठून आला ते आपल्याला एका अक्षरात कळतं. पण हीनीची खुबी पुढची आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक कोण आणि प्रोटेस्टंट कोण हे नावावरून, शाळेवरून, एखाद्या अक्षराच्या उच्चारावरूनही ताडलं जातं. 'ब्रोआ'चा शेवट मात्र दोन्ही बाजूंच्या स्थानिकांना जमतो. परका ठरतो तो बाहेरचा. ज्या वर्षी शेजारी शेजाऱ्याला मारत होता, त्या वर्षी दोघांच्या घशात एकच आवाज आहे एवढंच त्याने दाखवलं.

आणि आता घसरणीकडे. १९६९ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पी. व्ही. ग्लोब यांचं 'द बॉग पीपल' हे पुस्तक इंग्रजीत आलं. बॉगच्या थंड, आम्ल, प्राणवायू नसलेल्या पाण्यात प्रेत कुजत नाही. शेवाळातली द्रव्यं कातडी कमावतात, अगदी चांभाराच्या कुंडात कमावावी तशी. उलट हाडांतलं कॅल्शियम विरघळतं. म्हणून चेहरा राहतो, पापण्या राहतात, खुंट वाढलेली दाढी राहते, आणि शरीर पिशवीसारखं चपटं होतं. १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये टर्फ कापणाऱ्यांना टोलुंडचा माणूस सापडला तेव्हा खून ताजा वाटून पोलिसांना बोलावलं होतं. प्रत्यक्षात तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. गळ्यात वेणीसारखा विणलेला चामड्याचा फास, पोटात धान्या-बियांची शेवटची पेज. हीनीने फोटो पाहून कविता लिहिली: कधीतरी मी ऑऱ्हुसला जाईन. जायचं होतं ते सिल्कबोर्गच्या संग्रहालयात, टोलुंडचं डोकं तिथे आहे. पुढे तो तिथे गेलाही.

टोलुंडची कविता टिकते, कारण तिच्यात अंतर कबूल केलंय. कवी म्हणतो मी जाईन, उभा राहीन, मला तिथली भाषा येत नसेल. पण १९७५ च्या 'नॉर्थ'मध्ये अशा प्रेतांच्या कवितांची रांग आहे आणि त्यातली 'पनिशमेंट' सगळ्यांत अडचणीची. उत्तर जर्मनीत विंडेबीला सापडलेलं, मुंडण केलेलं, डोळ्यांवर पट्टी असलेलं किशोरवयीन शरीर. ग्लोब यांच्या पुस्तकात ती व्यभिचारासाठी शिक्षा झालेली मुलगी. हीनी तिच्या शेजारी आपल्या शहरातल्या त्या मुलींना उभं करतो, ज्यांना ब्रिटिश सैनिकांबरोबर फिरल्याबद्दल डांबर फासून रेलिंगला बांधलं गेलं. आपण गप्प राहिलो असतो, हे तो कबूल करतो. आणि टोळीच्या सूडाची जवळीक आपल्याला समजते, असंही म्हणतो.

बेलफास्टचा कवी किअरन कार्सन याने लगेच टीका केली. हीनी हिंसाचाराचा राजकवी होतोय, खुनाला विधी बनवून त्याचं समर्थनच करतोय, असा तिचा रोख. टीका कठोर होती, पण मला ती बरीचशी पटते. इथे कवीचा हात कशालाही लागलेला नाही. फोटो सुंदर आहे, म्हणून प्रेत सुंदर आहे, म्हणून मरण अर्थपूर्ण आहे, अशी साखळी नकळत तयार होते. यावर काळाने एक मासला जोडला: नंतरच्या तपासण्यांत विंडेबीची 'मुलगी' हा सोळाएक वर्षांचा मुलगा असावा असं दिसलं, आणि शिक्षेचा पुरावाही उरला नाही. कविता यामुळे खोटी ठरत नाही. पण फोटोवर किती भार टाकला होता ते दिसतं.

'नॉर्थ'च्या आधीच, १९७२ मध्ये, तो बेलफास्ट सोडून दक्षिणेत विकलोमधल्या ग्लॅनमोरच्या एका कॉटेजमध्ये राहायला गेला. नोकरी सोडून, बायकोमुलांसह. तिथल्या कविता १९७९ च्या 'फील्ड वर्क'मध्ये आहेत आणि तिथे पकड परत येते. 'कॅज्युअल्टी'मधला माणूस लॉक नेच्या सरोवरातला ईल मासे पकडणारा कोळी. हीनीच्या सासऱ्यांच्या दारूच्या गुत्त्यातला गिऱ्हाईक. उन्हापावसाने रापलेला अंगठा वरच्या फळीकडे नुसता उचलला की आणखी एक रम मिळायची, आवाज चढवावा लागत नसे. जानेवारी १९७२ मध्ये डेरीत ब्रिटिश पॅराशूट सैनिकांनी तेरा निदर्शकांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने जाहीर केलेली घरबंदी या माणसाने पाळली नाही. तो प्यायला गेला आणि बॉम्बस्फोटात मेला.

या कवितेत कवी न्यायनिवाडा करत नाही. आपल्या टोळीचा हुकूम मोडण्यात त्याची चूक किती, हे उलट मेलेल्या माणसालाच विचारू देतो. छंदही त्याने नीट निवडला आहे: तीन ठोक्यांची आखूड ओळ, येट्सच्या कोळ्याच्या कवितेतली. आणि शेवट बॉम्बवर नाही. शेवट एका पहाटेच्या नावेवर आहे, जिथे या माणसाने कवीला सोबत नेलं होतं. गळांची दोरी तळातून सावकाश वर ओढली जातेय, नावेचा पंखा फिरतोय, धुकं आहे. अंगठ्याने सुरू झालेली कविता हातांनी संपते. 'पनिशमेंट'मध्ये जे सुटलं होतं ते इथे धरलं गेलं, असं मला वाटतं.

तरीही हिशेब पुरा झाला नव्हता. ऑगस्ट १९७५ मध्ये त्याचा दूरचा चुलतभाऊ फुटबॉलचा सामना पाहून घरी येताना खोट्या तपासणी नाक्यावर मारला गेला. 'फील्ड वर्क'मधल्या त्याच्यावरच्या शोककवितेत हीनी दवाने त्याचा चेहरा धुतो आणि लव्हाळ्याची हिरवी पट्टी विणून त्याच्या अंगावर घालतो. दृश्य दान्तेकडून उसनं घेतलेलं आहे. 'पर्गेटरी'च्या आरंभी व्हर्जिल दान्तेचा चेहरा दवाने धुतो आणि त्याच्या कमरेला लव्हाळं बांधतो. कविता देखणी आहे, फार देखणी. पाच वर्षांनी, १९८४ च्या 'स्टेशन आयलंड'मध्ये, तोच चुलतभाऊ भूत होऊन येतो. लॉक डर्गच्या बेटावर तीन दिवस उपाशी, अनवाणी यात्रा करायची प्रथा आहे, त्या यात्रेत. आणि तो हीनीला सुनावतो: तू माझं मरण दवाने साखरेसारखं गोड करून टाकलंस. स्वतःच्या सगळ्यांत नावाजलेल्या कवितांपैकी एकीवर स्वतःच्याच पुढच्या पुस्तकात, ज्याच्यासाठी लिहिली त्याच्या तोंडून असा ठपका ठेवणारे कवी फार नाहीत.

आई १९८४ मध्ये गेली. 'क्लिअरन्सेस' ही तिच्यासाठीची आठ सुनीतांची माळ १९८७ च्या 'द हॉ लँटर्न'मध्ये आहे. त्यातलं तिसरं सुनीत २०१५ मध्ये आयरिश दूरचित्रवाणीच्या मतदानात शंभर वर्षांतली लोकांची सर्वांत लाडकी आयरिश कविता ठरली. त्यात एवढंच घडतं: बाकीचे चर्चला गेले असताना तो आणि आई बटाटे सोलतात, बटाटे एकेक करून पाण्यात पडतात, आणि वर्षांनी ती मरणासन्न असताना धर्मगुरू जोरजोरात प्रार्थना म्हणतो तेव्हा त्याला सुऱ्यांची ती लय आठवते. मला पाचवं सुनीत त्याहून आवडतं. चादरींच्या घड्या. चादरी पिठाच्या पोत्यांच्या उसवून शिवलेल्या, दोरीवरून काढलेल्या, गारठ्याने अजून दमट वाटणाऱ्या. दोघांनी टोकं धरायची. आधी काठाच्या दिशेने ताण, मग तिरकस, म्हणजे कापडाला पडलेला पीळ निघतो. मग झटकायची; वाळलेल्या कापडाचा सपकन आवाज. मग घडी घालत घालत दोघं एकमेकांकडे चालत येतात, हात क्षणभर हाताला लागतात, आणि पुन्हा मागे. जणू काही घडलंच नाही. दरवेळी तेच तर घडत होतं. मिठी न मारणाऱ्या घरातली ही मिठी आहे, आणि चादर नीट घडी करायची असेल तर ती टाळताही येत नाही.

१९९५ मध्ये नोबेल मिळालं. तो ग्रीसमध्ये भटकत होता. जगाला आधी कळलं, त्याला नंतर. सन्मानांबद्दल इथे एवढं पुरे.

त्याच वर्षी त्याने बाजूला पडलेलं एक काम पुन्हा हातात घेतलं: हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं 'बेओवुल्फ', ३१८२ ओळी. भाषांतर १९९९ मध्ये आलं. पहिल्याच शब्दावर सगळे अडतात. मुळातल्या त्या उद्गाराला इंग्रजीत 'ऐका!', 'पाहा!' असे पर्याय भाषांतरकार देत. हीनीने 'सो' ठेवलं, कारण त्याच्या वडिलांकडचे, मोठ्या आवाजाचे, मोजकं बोलणारे स्कलियन मंडळींचे पुरुष आधीचं बोलणं तिथेच बंद करून नवं काही सांगायचं असलं की 'सो' म्हणत. मराठीत हे एका अक्षरात होतं: तर. ज्याने कीर्तनात किंवा पारावर 'तर मंडळी' ऐकलंय त्याला हा निर्णय समजावा लागत नाही. दुसरा शब्द 'थोल'. जुन्या इंग्रजीच्या शब्दसूचीत तो भेटला आणि त्याला आठवलं की एखाद्या घरावर अचानक आघात झाला की आत्या म्हणायची, आता त्यांना थोलायला शिकावं लागेल. सोसायला. विद्यापीठात शिकवलेला जुना ग्रंथ आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार त्या एका क्रियापदाने उघडलं.

ऑगस्ट २००६ मध्ये डोनेगालला, मित्रांच्या मेळ्यातल्या एका रात्रीनंतर, त्याला अर्धांगाचा झटका आला. मित्रांनी उचलून जिन्यावरून खाली आणलं. तो बरा झाला. २०१० मध्ये शेवटचा संग्रह आला, 'ह्यूमन चेन'. शीर्षककवितेत मदतकार्यातली पिठाची पोती हातोहात पुढे जाताना तो पाहतो, आणि त्याच्या हातांना आठवण येते ती धान्याच्या पोत्यांची. गच्च भरलेल्या पोत्याचे दोन कोपरे पिरगळून धरायला मुठी करतात, नाहीतर बोटांना धरायला काहीच मिळत नाही आणि पोतं निसटतं. हीनीने त्या मुठींना म्हटलंय 'लग'. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वडिलांचा बूट ज्या कानावर बसला होता तोच शब्द. पोत्याचे कान म्हटलं की मराठी हमालालाही कळेल. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, झोका द्यायचा, आणि ट्रेलरवर फेकून द्यायचं. कवितेचा खरा विषय त्यानंतरचा क्षण आहे: सोडून दिल्यावर पाठीला येणारा तो हलकेपणा. तो परत येणार नाही, असं तो म्हणतो. किंवा येईल, एकदाच, कायमचा.

त्याच संग्रहात 'मिरॅकल' आहे. येशूने बरा केलेला कफर्णहूमचा पक्षाघाती, ज्याला गर्दीमुळे छपरातून खाली सोडावं लागलं. कविता त्याच्याबद्दल नाही. ती त्याला आणणाऱ्यांबद्दल आहे, त्याला पहिल्यापासून ओळखणाऱ्यांबद्दल. खांदे बधिर, पाठीत वाक धरलेला, खाटेचे दांडे घामाने निसटते. माणूस घट्ट बांधून, तिरपी करता येईल अशी खाट करून कौलांवर चढवायची आणि मग दोऱ्या सोडत सोडत खाली. दोरी अशी हातातून सरकू दिली की तळव्यांची आग होते. चमत्कार खाली चाललाय. वर ते उभे आहेत, हात उघडे धरून, आग निवायची वाट पाहत.